ताप उतरेना, डेंग्यू निगेटिव्ह. आता कोणती टेस्ट? लवकर सांगा

पलूसकर
गावातला पूर ओसरला आणि दाजींना ताप, थंडी, अंग नुसतं ठणकतंय. डेंग्यू निगेटिव्ह आला. गोळीनं ताप उतरतो, परत चढतो. घरात सगळे घाबरलेत. कोणती टेस्ट करू?

मिरज_लॅब
ताप येऊन किती दिवस झाले? डेंग्यूची कोणती टेस्ट केली, विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१ की अँटीबॉडी शोधणारी आयजीएम? एनएस-१ साधारण पहिल्या पाच दिवसांत सापडते, पुढं निगेटिव्ह येऊ शकते. वय, गाव, काम काहीच लिहिलं नाही तुम्ही.

रानवारा
पपईच्या पानांचा रस द्या. आमच्या पोरीच्या प्लेटलेट दोन दिवसांत वाढल्या.

मिरज_लॅब
डेंग्यूतून माणूस बरा होताना त्या आपोआप वाढतात. आणि इथं प्लेटलेटचा विषय काढला कुणी?

आटपाडीकर
डेंग्यू फक्त पुराच्या गावात होतो असं धरू नका. आमच्या दुष्काळी पट्ट्यात नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी बॅरल भरलेले. एडिस डास त्यातच वाढतो. अंडी सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. उष्णता वाढली की डासाच्या अंगात विषाणूही लवकर तयार होतो. पंचायत धूर मारून मोकळी, अळ्या तशाच. बॅरल आठवड्याला घासून कोरडा करा.

पलूसकर
अहो, डासांचं नंतर बघू! दाजी ४२ वर्षांचे, ताप पाचवा दिवस. पाणी उतरल्यावर गोठ्यातला गाळ काढत होते, पायाला चिखल्या झाल्यात. टेस्ट एनएस-१.

निवृत्त_सिस्टर
गाळाचं आधी सांगायचं होतं. डोळे लाल आहेत का? पोटऱ्या दुखतात? लघवी कमी झालीय? उंदरांच्या, जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे लेप्टोचे जंतू पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून आत शिरतात. २०१९ च्या पुरानंतर २०२१ ला परत पूर. पाऊस असा चार दिवसांत कोसळायला लागला, तर हा आजार दर पुराला दारात येणार.

हरिपूर_घाट
पावसाला कशाला बोल लावता? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी वेळेत सोडा, पूरच येणार नाही.

निवृत्त_सिस्टर
त्यासाठी वेगळा धागा काढा. इथं माणूस आजारी आहे.

पलूसकर
डोळे लाल आहेत. पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. लघवी कालपासून कमी, गडद पिवळी. घरात डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) गोळ्या आहेत, देऊ का?

निवृत्त_सिस्टर
घरी काही देऊ नका, आत्ताच निघा. मिरज सिव्हिलला न्या. गाळात काम केलं होतं हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. लेप्टोची तपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हरच्या टेस्ट ते बघतील. रिपोर्टसाठी उपचार थांबत नाहीत. अंगदुखीला ब्रुफेन, डिक्लोफेनॅक अजिबात नको.

पलूसकर
गाडी सांगितली. त्यांच्याबरोबर गाळात अजून दोघं होते, त्यांना ताप नाही. त्यांचं काय करायचं?

मिरज_लॅब
त्यांना आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. गोळी द्यायची का, ते तिथले डॉक्टर ठरवतील. ताप आला तर थांबू नका.