सेरेनाची 'ताकद' आणि ओसाकाचे केस

कृष्णवर्णीय अमेरिकन टेनिसपटू सेरेना विल्यम्सविषयी वाचताना 'ताकद' हा शब्द इतक्या वेळा येतो की तो तिच्या नावाचाच भाग वाटू लागतो. तिची सर्व्हिस वेगवान होती, यात वाद नाही. २०१३ मध्ये तिने ताशी सुमारे २०७ किलोमीटर वेग गाठला होता. परंतु चेंडू कोणत्याही कोपऱ्यात मारायचा असला तरी ती तो हवेत एकाच पद्धतीने उडवत असे, आणि त्यामुळे समोरच्या खेळाडूला दिशेचा अंदाजच येत नसे. हे सरावाने कमावलेले कसब आहे. गोऱ्या खेळाडूपाशी ते असले की 'डावपेच' म्हणून वाखाणले जाते. सेरेनाच्या बाबतीत श्रेय बहुधा दंडाच्या स्नायूंना मिळते. उघड शिवी कोणी देत नाही, म्हणूनच हा पूर्वग्रह पकडणे अवघड जाते. (तिच्या खेळाला मीही एकदा 'धसमुसळा' म्हटले आहे, हे कबूल करतो.)

प्रतिसाद १
आपला मुद्दा पटला नाही. क्विटोवा आणि सबालेंका या गोऱ्या खेळाडूंच्या खेळाचे वर्णनही 'ताकद' याच शब्दाने होते. शिवाय २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेनाने रॅकेट आपटून मोडली, पंच कार्लोस रामोस यांना 'चोर' म्हटले आणि त्यापायी एक गेम गमावला. याच रामोस यांनी नदाल आणि जोकोविच या पुरुष खेळाडूंनाही ताकीद दिलेली आहे. तिच्या वागण्यावर टीका करणारा प्रत्येक जण वर्णद्वेषी ठरणार असेल, तर पत्रकारांनी लिहायचे तरी काय?

प्रतिसाद २
टीका अवश्य करावी, पण त्या सामन्यानंतर मेलबर्नच्या 'हेराल्ड सन'मध्ये मार्क नाइट यांचे जे व्यंगचित्र आले, ते नीट पाहावे. पुढे जाड ओठांची, अवाढव्य सेरेना मोडक्या रॅकेटवर उड्या मारते आहे आणि शेजारी लहान मुलाचे चोखणे पडले आहे. मागे त्या सामन्यातली तिची प्रतिस्पर्धी, जपानची नाओमी ओसाका उभी आहे, सडपातळ, गोरी आणि सोनेरी केसांची. ओसाकाचे वडील हैतीचे, आई जपानी. ती सावळी आहे. एकीला राक्षसीण करताना दुसरीचा रंगच पुसून टाकावा लागला!

प्रतिसाद १
ओसाकाच्या केसांची टोके त्या दिवशी खरोखरच सोनेरी रंगवलेली होती. त्याच स्पर्धेच्या वेळी नाइट यांनी किरियॉस या पुरुष खेळाडूच्या वागण्यावरही चित्र काढले होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रेस कौन्सिलने फेब्रुवारी २०१९ मध्ये सेरेनाच्या चित्रात नियमभंग झालेला नाही, असाच निर्णय दिला.

धागाकर्ता
क्विटोवा-सबालेंकांचा दाखला मान्य, तेवढ्यापुरते माझे विधान सैल होते. नियमभंग झाला नसेलही. माझा प्रश्न नियमाचा नव्हताच. केसांची टोके रंगवली म्हणून कातडी गोरी होत नाही. जानेवारी २०१९ मध्ये निसिन या जपानी नूडल्स कंपनीने आपल्या अॅनिमेशन जाहिरातीत ओसाकाला गोरी दाखवले आणि ओरड झाल्यावर माफी मागून ती जाहिरात मागे घेतली. तिथे तर तिच्यावर कोणी रागावलेलेही नव्हते.