मदत हवी आहे: कर्ली खाडीत भाड्याच्या कयाकमुळे जाळ्यांचं नुकसान

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणजवळच्या देवबागचे, कर्ली नदीच्या मुखाजवळ घरच्या छोट्या होडीवर मासेमारी करतो. सुट्टीत आलेल्या पर्यटकांना भाड्याने कयाक मिळतात, पण वल्हं कसं मारायचं हे दोन मिनिटंही नीट कोणी शिकवत नाही. भरतीला सगळं सोपं वाटतं. ओहोटी लागली की पाणी मुखाकडे ओढतं, हे नवख्यांना कळत नाही. वाहवत येऊन ते आमच्या कांडाळीवर, म्हणजे पाण्यात लावलेल्या जाळ्यावर, अडकतात आणि घाबरून वल्ह्याने जाळं ओरबाडतात. परवा तर एकाने सुटायला चक्क जाळंच कापलं. वर लाइफ जॅकेट काढून मांडीवर ठेवलेलं! नुकसान भरून निघेलही, पण संगमावर कुणी बुडालं तर?

पर्यटनावर गावातली कितीतरी घरं चालतात, त्यामुळे भांडण नकोच आहे. भाड्याने देणाऱ्याशी बोललो, तो हो हो म्हणतो आणि विसरतो. लेखी तक्रार मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात द्यायची की मत्स्यव्यवसाय खात्याकडे? जाळ्याची भरपाई कुणाला मिळाली आहे का? तारकर्ली, दिवेआगर किंवा गोव्याकडे जाळी आणि कयाक यांच्या वेळा किंवा हद्दी ठरवून घेतल्या असतील, तर ते कसं जमवलं तेही सांगा.