हवालदार पेन्शनवर येतायत, 8 महिने उरलेत. आधी काय उरकून घ्यायचं?

कृष्णाकाठ
मिस्टर आर्टिलरीत हवालदार आहेत. 24 वर्षं पूर्ण होतायत, एक्स्टेन्शन घेतलेलं नाही. गाव सातारा जिल्ह्यात. शिक्षण दहावी. मुलगा बारावीला, मुलगी आठवीला, सासूबाई आमच्याकडेच असतात. घराचं कर्ज अजून 9 लाख बाकी आहे. पेन्शन 50 टक्के विकून एकरकमी पैसे घ्यावेत की पूर्ण ठेवावी? दहावीवर बँकेत लागता येतं का, की सिक्युरिटीच करावी लागते? आणि कागदपत्रांचं काय? गावात जो तो वेगळंच सांगतोय. यांना विचारलं की "बघू".

पीपीओवाला
ताई, कागदांपासून सुरुवात करा. युनिटमध्ये असताना क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमध्ये नोंद करणारा आदेश) निघते तेवढ्यात काम होतं. घरी आल्यावर त्याच कामाला अॅफिडेव्हिट, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का आणि नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्डला पत्रव्यवहार, असं सगळं लागतं.

या सुट्टीत आले की त्यांच्या रेकॉर्डची प्रत, दोघांची आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवा आणि नावं अक्षरन् अक्षर जुळवा. रेकॉर्डला "सुनीताबाई", आधारला "सुनिता", पासबुकात माहेरचं आडनाव, हा प्रकार घरोघरी आहे. पेन्शन चालू असते तोवर कुणाचं लक्ष जात नाही, पण पुढे फॅमिली पेन्शनच्या वेळी बाईच अडकते. लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची नोंद आहे का, जन्मतारखा दाखल्याप्रमाणेच आहेत का, तेही बघा.

पेन्शन आता स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून येते. लॉगिनला जोडलेला मोबाइल नंबर कायम चालू राहील असाच द्या. युनिटमध्ये घेतलेलं सिम घरी आल्यावर बंद पडतं, ओटीपी येत नाही आणि हयातीचा दाखला रखडतो. दाखला दरवर्षी द्यायचा असतो, नाही दिला तर पेन्शन थांबते.

सासूबाईंना ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत) घ्यायचं असेल तर त्या मिस्टरांवर अवलंबून आहेत आणि त्यांचं उत्पन्न दरमहा 9,000 अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी आहे हे दाखवावं लागतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा.

हिशेबी
पेन्शन विकण्याबद्दल. आकडे फक्त समजायला घेतो. बेसिक पेन्शन 20,000 धरा. 50 टक्के विकली तर महिन्याला 10,000 कापले जातात. चाळिशीच्या आसपास गुणक (वयानुसार ठरलेला आकडा) साधारण 9, म्हणजे हातात 10,000 × 12 × 9 = 10 लाख 80 हजार. कपात 15 वर्षं चालते, एकूण 18 लाख. साधारण साडेसात टक्क्यांनी कर्ज घेतल्यासारखंच झालं. महागाई सवलत मात्र मूळच्या 20,000 वरच मिळत राहते. विकलेल्या रकमेवर आयकर नाही, आणि मधेच माणूस गेला तर उरलेली कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही.

तुमचं कर्ज साडेआठ-नऊ टक्क्यांचं असेल तर विका आणि आलेल्या पैशातून आधी ते फेडा. नुसती एफडी करायची असेल तर विकण्यात काही हशील नाही.

ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड हे सगळं थोड्या दिवसांच्या फरकाने खात्यात येतं आणि ही बातमी गावाला आपल्याआधी कळते. कर्ज फेडून जे उरेल ते सहा महिने हलवू नका. जेसीबीत भागी, डेअरीत भागी, दरमहा तीन टक्केवाला कुणी, सगळे त्याच महिन्यात दारात येतात.

भरतीकट्टा
दहावीवर बँकेत क्लार्क होता येतं. 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला तिथे पदवीची अट नसते, आर्मीचं शिक्षणाचं सर्टिफिकेट चालतं. वयात झालेली सेवा अधिक 3 वर्षं सूट मिळते, कमाल 50. सरकारी बँकांत क्लार्कच्या 14.5 टक्के जागा माजी सैनिक कोट्यात असतात. परीक्षा मात्र द्यावीच लागते, आणि अडतात ते इंग्रजी आणि गणिताच्या वेगावर. सेवेच्या शेवटच्या वर्षात असलेल्यालाही अर्ज करता येतो. थांबू नका, युनिटकडून दाखला घेऊन आत्ताच भरा.

राज्याच्या गट क आणि ड भरतीत 15 टक्के आहे, पण ते समांतर आरक्षण. आपापल्या सामाजिक प्रवर्गातूनच जागा मिळते. प्रवर्गातून भरणार असाल तर जातीचा दाखला आणि वैधता लागणारच, फौजी म्हणून त्यात सूट नाही.

आता बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट. केंद्राच्या नोकरीत एकदा कोट्यातून रुजू झालं की पुढच्या भरतीत कोटा संपतो. पण रुजू होण्याआधी जिथे जिथे अर्ज केलेत त्यांची तारीखवार यादी रुजू होताच लेखी दिली, तर त्या अर्जांपुरता कोटा शाबूत राहतो. 14 ऑगस्ट 2014 चा आदेश आहे. दोन जागी निवड झाली की ही यादी न दिलेला माणूस हात चोळत बसतो.

सिक्युरिटीच करायची तर आधी मेस्कोत (राज्याच्या माजी सैनिक महामंडळात) नाव नोंदवा. खासगी एजन्सीत माजी सैनिकाला 20 ऐवजी 7 दिवसांचं ट्रेनिंग पुरतं. कुणी पूर्ण ट्रेनिंगची फी मागितली तर हे सांगा.

कृष्णाकाठ
खूप उपयोग झाला. अजून एक. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण मेडिकल बोर्डापुढे बोलायला नको म्हणतात. आणि सुट्टीत आले की झोप लागत नाही, लहानसहान गोष्टीवरून मुलांवर चिडतात.

जुना_सुभेदार
कान लपवू देऊ नका. सुटताना मेडिकल बोर्ड होतो, त्यात लिहून घेतलं तरच डिसॅबिलिटीचा विचार होतो. नंतर "हे तोफेमुळेच झालं" हे सिद्ध करता करता वर्षं जातात. बोर्डाआधीच एमआयरूमला (युनिटच्या दवाखान्यात) दाखवून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्यायला सांगा, म्हणजे कागद तयार असेल. कंबर, गुडघे, झोप, जे काही असेल तेही तिथेच सांगू दे.

चिडचिडीचं म्हणाल तर, घर इतकी वर्षं तुम्ही चालवलंत, त्यांना त्याची घडी माहीत नाही. आल्या आल्या सगळा कारभार हातात देऊ नका आणि नुसतं बसवूनही ठेवू नका. बँकेची कामं, शेताचं पाणी, मुलीला शाळेत सोडणं, यातलं एखादं काम पूर्णपणे त्यांचं म्हणून द्या आणि त्यात मधे बोलू नका. मुलाच्या बारावीत मात्र लगेच हात घालू देऊ नका, पहिली खडाजंगी तिथेच होते.

पण झोप दोन-तीन आठवडे सलग उडाली, कँटीनची बाटली रोजची झाली किंवा "आता माझा काय उपयोग" अशी भाषा सुरू झाली, तर वाट बघू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मराठीत बोलता येतं. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतो. "डोक्याच्या डॉक्टरकडे" म्हटलं तर ते येणार नाहीत, झोपेसाठी दाखवू म्हणा.