प्रवासातली प्राणीशिल्पं आणि रस्त्यावरचे बारके तपशील : फोटो कसे काढता?

भिंगरी

नमस्कार मंडळी,

फिरायला गेलं की मोठमोठ्या वास्तूंपेक्षा मला भलत्याच गोष्टी दिसतात. दारावर तोंडात कडी धरून बसलेला सिंह, पन्हळीच्या टोकाशी आ वासलेला मासा, मॅनहोलच्या झाकणावरचं हरीण, दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगवलेलं मांजर. फोटो भरपूर काढते, पण परत आल्यावर बघायला बसलं की सगळा नुसता पंचनामा वाटतो. हा सिंह, तो सिंह, आणखी एक सिंह. सगळे फ्रेमच्या मधोमध आणि सगळे माझ्या उंचीवरून.

जाणकारांनी सल्ला द्यावा. फोनवर भागेल की कॅमेरा घ्यावा? छपराजवळची शिल्पं कशी टिपायची? बरोबरची माणसं "झालं का?" म्हणत पुढे निघून जातात, त्यावर काही उतारा? आणि भित्तिचित्रांचे फोटो कुठे छापायचे तर परवानगी लागते का?

पितळी_घुबड

वा, आमच्या जातकुळीचं कुणीतरी भेटलं.

साधनांचं इतर लोक सांगतीलच. माझं म्हणणं एवढंच की नुसतं शिल्प टिपलंत तर फ्रेममध्ये शिल्पकाराचंच काम येतं, तुमचं काही येत नाही. बसवल्यानंतर त्या प्राण्याचं काय झालं ते शोधा. तो कुठे झिजलाय, लोक कुठे हात लावतात, त्याच्या पाठीमागे आता काय उभं आहे.

इटलीतल्या फ्लॉरेन्सचा ब्राँझचा रानडुक्कर घ्या. शिल्पकार पिएत्रो ताक्काचं सतराव्या शतकातलं काम. मूळ शिल्प आता संग्रहालयात आहे, बाजाराजवळ प्रतिकृती आहे. नशीब उघडावं म्हणून येणारा-जाणारा त्याच्या नाकावर हात फिरवतो, त्यामुळे अंग काळपट-हिरवं आणि नाक लखलखीत. सगळे जण त्या नाकाचा फोटो काढतात. तुम्ही खाली वाका. चौथऱ्यावर बेडूक, साप, कासव, गोगलगाई असा दलदलीतला अख्खा गोतावळा आहे आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नाक, नाकावरचा हात आणि खालचा दुर्लक्षित बेडूक, एवढे तीन फोटो शेजारी ठेवलेत तरी पंचनाम्याची गोष्ट होते.

जर्मनीतल्या ब्रेमेनलाही तसंच. गेरहार्ट मार्क्स यांनी १९५३ साली केलेलं गाढव-कुत्रा-मांजर-कोंबड्याचं शिल्प नगरभवनाच्या कुशीत उभं आहे. गाढवाचे पुढचे पाय हात लावून लावून चकचकीत झालेत. मी असतो तर वरच्या कोंबड्याच्या मागे लागलोच नसतो. पायांपाशी ठाण मांडून बसलो असतो आणि फक्त हात टिपले असते. लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे, हातमोजे घातलेले.

तिरपं_ऊन

घुबडरावांना अनुमोदन. एक तांत्रिक भर घालतो.

उठावाचं किंवा कोरीव काम असेल तर भर दुपारी नाद सोडा. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश पृष्ठभागाला चाटून जात असताना जा. खाचेत सावली पडली की रेषा उठून दिसते. व्हेनिसच्या आर्सेनालेच्या (जुन्या आरमारी गोदीच्या) दारापुढचा संगमरवरी सिंह हे याचं झकास उदाहरण. व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याने १६८७ मध्ये तो अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून लुटून आणला. त्याच्या खांद्यांवर अकराव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या लोकांनी रुन या त्यांच्या जुन्या लिपीत मजकूर कोरून ठेवलाय, नागासारख्या वळणावळणाच्या पट्ट्यांमध्ये. दगड इतका झिजलाय की सपाट उजेडात तिथे काही आहे हेच कळत नाही.

गुळगुळीत ब्राँझचं मात्र उलटं. त्याला ढगाळ दिवस मानवतो. ऊन असेल तर फोनवर चकाकणाऱ्या भागावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर ते झिजलेलं नाक पांढरा ठिपका होऊन बसतं. आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळा पुतळा असेल तेव्हा उजेड वर न्या. आकाश गेलं तर गेलं.

मांडी_घालून

भिंगरीताई, "माझ्या उंचीवरून" असं तुम्ही स्वतःच लिहिलंय, तिथेच सगळी मेख आहे. खाली बसा!

इस्तंबूलच्या कादिकॉय भागात तोंबिली नावाच्या मांजरीचा पुतळा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये बसवला, पुढच्याच महिन्यात चोरीला गेला आणि परतही आला. ही बाई फूटपाथच्या पायरीवर कोपर टेकून, पोट सोडून, ऐटीत रेललेली आहे. उभ्यानं फोटो काढलात तर एक काळा गोळा दिसेल. तिच्या नजरेच्या रेषेत गेलात की मागची वर्दळ फ्रेममध्ये येते आणि ती त्या सगळ्यांकडे बघून "काय घाई आहे?" म्हणतेय असं वाटतं.

युक्ती: फोन उलटा धरायचा, म्हणजे लेन्सचं टोक खाली येतं. लेन्स जमिनीपासून चार बोटांवर येते, पोटावर झोपायची गरज नाही. गुडघ्यांना त्रास असलेल्यांसाठी तर वरदान!

मॅनहोलच्या झाकणांना मात्र बरोब्बर वरूनच काढायचं, नाहीतर गोलाचा अंडाकार होतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये लेव्हल (फोन सपाट आहे का ते दाखवणारी सोय) चालू केलं की फोन खाली रोखल्यावर दोन अधिकचिन्हं दिसतात. ती एकावर एक आली की फोन जमिनीला समांतर. स्वतःची सावली आणि बुटांची टोकं तेवढी सांभाळा. जपानला गेलात तर या छंदाला अंत नाही. नारा शहरातल्या झाकणांवर हरणं आहेत, गावोगावी नक्षी वेगळी, आणि २०१६ पासून त्या झाकणांची संग्राह्य कार्डंसुद्धा निघतात. आणि हो, आधी गाड्या बघा, मग झाकण.

चाकोरीबाहेर

मी थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं आधी वाचून, यादी करून गेलात तर "दुर्लक्षित" राहिलं कुठे? तोंबिलीच्या पुतळ्यापुढेही आता लोक सेल्फी काढतात. माझी पद्धत सोपी आहे. कुठलाही एक साधा रस्ता निवडायचा, जाताना एका बाजूला फक्त पहिल्या मजल्याच्या वर बघायचं, येताना दुसऱ्या बाजूला गुडघ्याखाली. जे सापडेल ते आपलं.

पितळी_घुबड

चाकोरीबाहेर, मान्य, पण अर्धंच. माहिती नसेल तर आर्सेनालेचा सिंह बघूनही त्याचे खांदे बघायचं सुचणार नाही. यादी ठिकाणांची नको, काय बघायचं याची असावी.

दुर्बीण

फोन की कॅमेरा: उंचावरच्या शिल्पांचं वेड असेल तरच कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घ्या. बाकी सगळं फोनवर होतं. मात्र फोनची खरी टेलिफोटो लेन्स जिथपर्यंत जाते तिथेच थांबा, पुढे चिमटीनं ताणलेल्या फोटोत दगडाचा लगदा होतो. आणि वाइड लेन्स जवळून लावू नका, घोड्याचं नाक हत्तीएवढं होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उंची गाठा. भिंतीला चिकटून वर बघत काढलेल्या फोटोत फक्त हनुवट्या येतात. रस्ता ओलांडून मागे जा, समोरच्या इमारतीचा जिना किंवा पुलाचा कठडा शोधा. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या गच्चीवरचे ते विचित्र प्राणी जगभर गाजले ते त्यांच्या बरोबरीनं उभं राहून काढलेल्या फोटोंमुळे. आणि गंमत अशी की ते मध्ययुगीन नाहीतच, एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हिओले-ल-द्युकने डागडुजी करताना घातलेले आहेत.

भिंगरी

किती छान लिहिताय सगळे! चौथऱ्यावरचा बेडूक डोक्यातून जात नाहीये. पण बरोबरच्या माणसांचं आणि भित्तिचित्रांचं राहिलं. भित्तिचित्रं निवांत परतीच्या वाटेवर काढली तर चालतील ना?

ओला_रंग

अजिबात नको! शिल्प पळून जात नाही, भिंत जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बँक्सी या निनावी भित्तिचित्रकाराने लंडनभर रोज एक याप्रमाणे प्राणी रंगवले: बोकड, हत्ती, माकडं वगैरे. त्यातला डिश अँटेनावरचा लांडगा जाहीर झाला त्याच दिवशी काही तासांत तोंड झाकलेल्या लोकांनी अँटेनासकट उचलून नेला. त्यामुळे दिसलं की काढा. आधी लांबून, भिंत, खिडक्या, उभी सायकल सगळं घेऊन. मग जवळून, ओघळलेला रंग, वरून चिकटवलेली जाहिरात. लिस्बनचा 'बोर्दालो दुसरा' या नावाचा कलाकार भंगारातून प्रचंड प्राणी उभारतो. लांबून कोल्हा, जवळ गेलं की गाडीचा बंपर आणि फुटके डबे. तिथे एका फोटोत भागतच नाही.

छापण्याबद्दल: स्वतःच्या अल्बमसाठी काढायला सहसा कुणी अडवत नाही, प्रश्न विकण्याचा आणि प्रकाशनाचा. नियम देशागणिक वेगळे. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावर कायमस्वरूपी असलेल्या कलाकृतीचा फोटो व्यावसायिक कामालाही चालतो. ब्रिटनमध्ये शिल्पांना ती सूट आहे, भित्तिचित्रांना नाही. फ्रान्समध्ये २०१६ पासून व्यक्तींना फक्त बिगरव्यावसायिक वापराची मुभा आहे, तीही कायमस्वरूपी वास्तू आणि शिल्पांपुरती. पोस्टकार्डं काढायचा बेत असेल तर कलाकाराला लिहून विचारा. भिंतीच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा सही असते, तिचाही फोटो घ्या.

तिरपं_ऊन

घरच्यांवरचा उतारा म्हणजे त्यांना झोपू द्या. ते उठायच्या आत तासभर बाहेर पडा. रस्ते मोकळे, ऊन तिरपं, आणि "झालं का?" विचारायला कुणी नाही. दिवसा सगळ्यांबरोबर असताना फक्त हेरून ठेवा. फोनवर एक कामचलाऊ फोटो काढलात तरी जागेची नोंद त्यात राहते (लोकेशन चालू असेल तर), दुसऱ्या दिवशी पहाटे नेमकं तिथेच जाता येतं.

मांडी_घालून

किंवा घरच्यांना कामाला लावा. आमच्याकडे मुलांना "जो आधी शेपूट शोधेल" असं सांगितलं की उलट मलाच ओढत नेतात.

भिंगरी

@तिरपं_ऊन, पुढच्या सहलीत व्हेनिस आहेच. आर्सेनालेपुढे बरेच सिंह आहेत असं वाचलं. रुनवाला कुठला?

तिरपं_ऊन

दाराकडे तोंड करून उभ्या राहा. डावीकडचा, बसलेला, सगळ्यात मोठा. समोरून फोटो काढून निघून जाऊ नका, बाजूला जाऊन खांदा बघा. रेषा दिसेनाशी वाटली तर फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवा, पट्टीचं वळण हळूहळू सापडतं. आणि सापडलं की इथे टाका.