‘हायपर’ आणि ‘हायपो’: वर, खाली आणि कमी

‘मला थायरॉइड आहे’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ही ग्रंथी प्रत्येकालाच असते. सांगायचे असते ते तिचे काम कमी पडते की जास्त होते हे, आणि नेमका तोच ‘हायपो’ किंवा ‘हायपर’ बोलताना गळून पडतो. रक्ततपासणीचा कागद या घोळात भर घालतो. ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका तिला चेतवण्यासाठी टीएसएच हे संप्रेरक अधिक सोडते. मग ४ च्या आसपासच्या कमाल मर्यादेशेजारी १२ हा आकडा ठळक छापलेला पाहून वाचणारा ‘वाढले आहे, म्हणजे हायपर’ असे समजतो, पण तो बहुधा हायपोथायरॉइडिझम असतो, कारण उपसर्ग ग्रंथीच्या कामाला लागलेला असतो.

व्युत्पत्ती पाहिली तर ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ सगोत्र आहेत; शब्दारंभीच्या ‘उ’ला ग्रीकमध्ये हकार जडतो. ‘उपरि’पासूनच प्राकृत ‘उवरि’मार्गे आपले ‘वर’ आले. तेव्हा हायपर म्हणजे वर, दोन्हींच्या शेवटी ‘र’, ही खूण लक्षात ठेवायला सोपी आहे. ‘हायपो’चा सगोत्र ‘उप’ मात्र फारसा कामाचा नाही, कारण उपनगर, उपसंपादक अशा शब्दांत त्याला जवळचा किंवा दुय्यम हा अर्थ चिकटला आहे.

खरी अडचण ‘हायपो’च्या दोन अर्थांची आहे. हायपोथॅलॅमस हा मेंदूतील थॅलॅमस या भागाच्या खालचा भाग, आणि हायपोडर्मिक सुई त्वचेखाली जाणारी. येथे अर्थ स्थानाचा आहे. हायपोग्लायसेमियात मात्र रक्तातील साखर कमी होते. जुने छायाचित्रकार ज्याला नुसते ‘हायपो’ म्हणत, ते छायाचित्र पक्के करण्याचे रसायन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी हायपोसल्फाइट म्हणून ओळखले जाई. तेथेही आशय ऑक्सिजनच्या कमी प्रमाणाचा होता.

म्हणून ‘हायपो’च्या मराठी प्रतिशब्दांत स्थानासाठी ‘अधस्’ आणि प्रमाणासाठी ‘अव’ किंवा ‘अल्प’ असा भेद मला योग्य वाटतो. शालेय विज्ञानातील ‘अवपरासारी’ (हायपोटॉनिक, म्हणजे पेशीतल्यापेक्षा कमी विरघळलेले पदार्थ असलेले) आणि ‘अतिपरासारी’ (हायपरटॉनिक, म्हणजे जास्त असलेले) ही जोडी चांगली आहे: साध्या पाण्यात मनुका टाकल्या की फुगतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते पाणी अवपरासारी असते. थायरॉइडला मात्र मराठीत ‘अवटु’ म्हणतात, त्यामुळे तेथे ‘अव’ लावला तर ‘अवअवटुता’ असे काहीतरी विचित्र होईल. तेथे ‘अल्प’च बरा.