बोकडाची कलेजी, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि क्युमीनचा दुप्पट आकडा

खारघरकर: एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी बोकडाची कलेजी, गुर्दा, हृदय आणि मांडी यांत ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज (जीपीएक्स, ग्लुटाथायोन वापरून पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) मोजायचं आहे. नमुने सकाळी वाशीतून, बर्फात घालून. चाचणीत पेरॉक्साइड म्हणून क्युमीन हायड्रोपेरॉक्साइड घातलं की कलेजीत येणारा आकडा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या दुप्पट आहे. सेलेनियमवाल्या एन्झाइमचा खरा आकडा कोणता?

उतार३४०: हायड्रोजन पेरॉक्साइडचा. क्युमीनवर ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे दुसरं एन्झाइमही काम करतं आणि त्यात सेलेनियम नसतं. मेंढीच्या यकृतात त्याचा वाटा मोठा. गिनीपिगच्या यकृतात तर जवळजवळ सगळी क्रिया त्याचीच. मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे एन्झाइम मध्ये लुडबुडतं, म्हणून त्याला रोखणारं सोडियम अझाइड १ मिलिमोलर हवंच.

बाकी: फॉस्फेट बफर ५० मिलिमोलर, पीएच ७, ईडीटीए १, ग्लुटाथायोन १, एनएडीपीएच ०.२ मिलिमोलर, ग्लुटाथायोन रिडक्टेज मिलीला १ युनिट. ५ मिनिटं थांबा, मग पेरॉक्साइड ०.२५ मिलिमोलर घालून ३४० नॅनोमीटरला उतार (एनएडीपीएच संपण्याचा वेग) घ्या. नमुन्याशिवायचा ब्लँक दर वेळी वजा करा, कारण पेरॉक्साइड एन्झाइमविनाही ग्लुटाथायोन खातं. उरलेलं अझाइड बेसिनमध्ये ओतू नका! आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू सुटतो.

गोठा_आणि_लॅब: कलेजीतलं रक्त काढलंत का? तांबड्या पेशींत हेच एन्झाइम भरपूर असतं. १९५७ साली ते पहिल्यांदा सापडलं तेही तिथेच. त्यात सेलेनियम आहे हे १९७३ साली कळलं. कापलेल्या कलेजीच्या शिरांतून सलाइन सोडता येत नाही. बारीक तुकडे करून ०.९ टक्के थंड सलाइनमध्ये, पाणी लाल येईनासं होईपर्यंत धुवा. तरी थोडं रक्त राहतंच, म्हणून अर्कातलं हिमोग्लोबिन मोजून त्याचा वाटा वजा करा.

गुर्द्याची फक्त बाहेरची कड घ्या. रक्तद्रवातलं जीपीएक्स-३ (याच एन्झाइमचा एक प्रकार) तिथल्याच नलिकांत बनतं. आतला भाग मिसळला की आकडा पातळ होतो. मांडीत क्रिया मुळातच कमी, तिथे १० ऐवजी २० टक्के होमोजिनेट (बफरमध्ये वाटलेला लगदा) करा. कमी आकड्यावरून मांडीत सेलेनियम नाही असं मात्र लिहू नका. स्नायूत सेलेनोप्रोटीन-डब्ल्यू हे सेलेनियमवालं प्रथिन असतं, ते या चाचणीत दिसत नाही.

खारघरकर: अर्क सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीला (गुरुत्वाच्या १०,००० पट) फिरवून खालचा गाळ टाकतो. बरोबर ना?

उतार३४०: पेशीद्रवातल्या जीपीएक्स-१साठी बरोबर, पण मायटोकाँड्रियातलं गाळात जातं. पटलांना चिकटलेलं जीपीएक्स-४ही तसंच, आणि त्याला फॉस्फोलिपिड हायड्रोपेरॉक्साइड हा वेगळा सब्सट्रेट लागतो. ते बघायचं असेल तर कलेजीपेक्षा वृषण आणा.