पुन्हा: पुन्हा: डिसेंबरची बालाघाट फेरी – हवा किती, कॉम्प्रेसर कुणाचा?

प्रेषक: अप्पा (मस्कत)

मंडळी,

बीडकडच्या बालाघाट डोंगरातल्या फेरीला गाड्या 8 पक्क्या झाल्या. गेल्या खेपेसारखी टायरच्या हवेवरून रस्त्यातच सभा भरू नये म्हणून आत्ताच लिहितोय. डांबरी सुटली की सगळ्यांनी 18 पीएसआयवर यायचं (पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप). ओमानात वहिबाच्या वाळवंटात आपण 15 वर चालतो, इथं वाळू कमी म्हणून 3 वाढवलेत. डांबरीला परत लागताना भरून घ्यायची. हवा भरायचा एक कॉम्प्रेसर मी सामानातून आणतो, आणखी एक लागेल.

पहिल्या दिवशी शहागडचा पूल ओलांडला की राक्षसभुवनकडं वळून गोदेच्या पात्रात तासभर वाळू. मग बीड, मांजरसुंबा, मुक्काम पाटोद्याच्या अलीकडं. दुसऱ्या दिवशी सौताड्याचा धबधबा. मार्गावर चर्चा नको, फक्त कॉम्प्रेसरचं बोला.

अप्पा

प्रेषक: नाना (संभाजीनगर)

> सगळ्यांनी 18 पीएसआयवर यायचं

अप्पा, वहिबात 15 बरोबर आहे, पण तिथं दगड नाही. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतं, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगते. त्याच वेळी टायरची बगलही फुगून बाहेर येते. बालाघाटावर मुरूम आहे आणि मुरमात काळ्या दगडाच्या धारदार कपच्या. फुगलेली बगल नेमकी त्या कपचीवर घासते. बगलेला चीर गेली की तिथं पंक्चरची स्ट्रिप बसत नाही, आतून लावायचा मशरूम पॅचही बसत नाही. टायरच बदलावं लागतं. भाड्याच्या गाड्यांना टायर डांबरीचे असतात, त्यांची बगल आधीच पातळ.

माझं गणित असं: थार, स्कॉर्पिओ यांना पुढं 26, मागं सामान असेल तर 28. जिम्नी हलकी आहे, तिला 23-24 चालेल. या हवेवर ताशी 40 किमीच्या वर कुणीही जायचं नाही. डांबरीला दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलं असेल तेवढीच.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी. डिसेंबरात पहाटे 10-12 अंश असतं आणि दुपारी 30. त्या फरकात टायरमध्ये 3-4 पीएसआय आपोआप चढतं, चालून तापलं की आणखी. दुपारी गेज लावून "हवा जास्त झाली" म्हणत कुणी सोडू नये. संध्याकाळी टायर बसलेलं दिसेल आणि पंक्चर समजून अर्धा तास काटा शोधत बसाल.

आता कॉम्प्रेसर. 8 गाड्यांची 32 चाकं. 18 वरून 33 वर न्यायला लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप एका चाकाला 5 मिनिटं तरी खातो. म्हणजे एका पंपावर 2 तास 40 मिनिटं, आणि तो मध्ये तापून बंद पडतो ते वेगळं. 26 वरून भरायची झाली तर वेळ निम्म्यावर येतो.

नाना

प्रेषक: भाऊ (दोहा)

नाना, माझा पंप मोठा आहे, पण गाडीच्या सॉकेटला लावला की सॉकेटच मरतं. पंप खराब आहे का? गाडीला मागं डिकीतही एक सॉकेट आहे, तिथं लावू का?

प्रेषक: नाना (संभाजीनगर)

पंप ठणठणीत आहे. तो 30 अँपिअर ओढतो आणि सॉकेटचा फ्यूज 15 चा, कधी 10 चाही. डिकीतल्या सॉकेटलाही तेच होणार. तुमच्या पंपासोबत चिमटे आले असतील, ते थेट बॅटरीला लावा. लाल आधी, काळा नंतर. इंजिन चालू ठेवा, बॉनेट उघडं. दोन चाकं झाली की पंपाला 10 मिनिटं विसावा द्या. आणि जुना फ्यूज काढून तिथं 30 चा घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

प्रेषक: बापू (पाटोदा)

राम राम मंडळी.

अप्पा, मार्गावर बोलू नका म्हणलात तरी बोलतो. गोदेत जाऊ नका. ती वहिबासारखी वाळूची टेकडी न्हाई, नदी हाय. वर चार बोटं कोरडी वाळू, खाली वल. उपशाचे खड्डे पडलेत, त्यात पाणी भरलंय आणि वरून साय धरल्यागत गाळ बसलाय. सपाट दिसतंय म्हणून चाक घातलं तर गाडी बॉनेटपर्यंत आत. दुसरं म्हंजे रात्री लोक तिथं हायवा टिप्पर घालून वाळू उपसतेत. तहसीलचं पथक फिरतंय. आठ मोठ्या गाड्या पात्रात उभ्या दिसल्या तर तुम्ही मस्कतचे हाव हे कोण ऐकून घेणार?

गेवराईच्या अंगानं शेतातल्या वाटाही टाळा. जायकवाडीच्या उजव्या कालव्याला रब्बीच्या पाण्याची पाळी सुटली की रानं भिजतेत, पाणंदीत पाणी उतरतंय. काळ्या रानाला पाणी लागलं की हवा 18 ठेवा न्हाईतर 30. माती टायरच्या खाचात बसतीय, टायर गुळगुळीत होतंय. वरून मडगार्डमधी इतका गोळा साचतोय की चाकच फिरत न्हाई. मंग खुरपं घेऊन खाली बसायचं. दर गाडीत एक खुरपं ठेवा, लई कामाला येतंय.

वर डोंगरात कालवा न्हाई, माळ कोरडा. तिथं भ्या दोन गोष्टींचं. एक, वेडी बाभूळ. कुंपणाला तोडून टाकलेली काटी वाटंवर पसरलेली असतीय. दुसरं, तुरीची खुटं. तूर विळ्यानं तिरकी कापतेत, खुट वाळलं की खिळा. ट्रॅक्टरचं टायर फोडतंय ते. म्हणून कापलेल्या तुरीत गाडी वळवायला सुद्धा घालू नका. आणि धुऱ्यावर चाक चढवू नका, धुरा ढासळला की दोन भावांत भांडण लागतंय, तुम्ही जाताव निघून.

प्रेषक: अप्पा (मस्कत)

बापूंचा मान राखून गोदा रद्द. पण लेकरांना वाळू दाखवायची कबूल केली होती, आता त्यांची समजूत कोण काढणार?

हवा 26 मान्य, थोडं मन मारून. मात्र अडकलेली गाडी काढायचं काम माझ्याकडंच राहू द्या. ताणाचा दोर माझा आहे, दोर अडकवायच्या लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, 4.75 टनाची चार आहेत, वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्याही आणतो.

प्रेषक: नाना (संभाजीनगर)

पट्ट्या आणू नका, फुकट वजन. काळ्या चिखलात पट्टीही चाकासोबत सटकते. त्यापेक्षा चाकापुढची माती काढून पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या घाला, त्यांवर गोणपाट. धरून निघते.

दोर तुमचाच, पण तो कशाला अडकवायचा ते आधी ठरवू. थारला पुढं हूक आहेत. काही गाड्यांना टूलकिटमधला आकडा पेचासारखा फिरवून बसवावा लागतो. तो सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरता आहे, हिसक्याला नाही. ट्रेलरच्या बॉलला तर दोर कुणीही लावायचा नाही. बॉल तुटला की गोळीसारखा येतो. ताणलेल्या दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, आणि माणसं दोराच्या दीडपट लांब. लेकरं तर गाडीतच.

सगळ्यांनी आधी स्वतःचं स्पेअर बघा. काही गाड्यांना ते बारीक असतं, त्यावर मुरमात चालवता येत नाही. काटा घुसलेला दिसला तर हवा जातेय का ते थुंकी लावून बघा. जात नसेल तर उपसू नका, तोच बूच झालेला असतो. मुक्कामाला पोचून सावकाश स्ट्रिप घाला.

प्रेषक: माई (जेवण समिती)

> मुक्कामाला पोचून सावकाश

सावकाश नाही! हुरड्याची आगटी अंधारात पेटवत नाहीत. साडेचारला सगळी मंडळी शेतावर पाहिजेत. बापूंनी सुरती ज्वारीचा तुकडा राखून ठेवलाय, तीळ-खोबऱ्याची चटणी इथूनच होईल. गेल्या खेपेला "आम्ही आपलं आपलं आणतो" म्हणत ज्यांनी फरसाणाची पोती आणली त्यांनी या खेपेला कृपा करावी. जेवणाचं समिती बघते. हवेचं तुमचं चालू द्या.

प्रेषक: सचिव

माईंचा साडेचारचा आग्रह दुसऱ्या कारणानंही बरोबर आहे. ऊसतोडीचा हंगाम आहे. अंधार पडला की जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, पुष्कळांना मागं दिवा नाही. सहाच्या पुढं एकही गाडी हायवेला नको.

भाड्यानं गाडी घेणाऱ्यांनी थार नीट बघून घ्या. 2023 पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणारीही येते आणि बाहेरून तशीच दिसते. आपल्याला चारही चाकांवर चालणारी हवी, म्हणजे गिअरच्या शेजारी 2एच, 4एच, एन, 4एल लिहिलेला दुसरा दांडा हवा. जिम्नीची काळजी नाही, ती फोर-व्हीलच येते. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याची मनाई असते, ते कलम वाचूनच सही करा.

नायगावच्या मयूर अभयारण्यात वाट सोडून एक चाकही जाणार नाही, हॉर्नही नाही. यावर मत मागवलेलं नाही.

गुरुवारपर्यंत प्रत्येकानं कळवा: टायरचा साइज, स्पेअर पूर्ण की बारीक, ओढायचा हूक कुठं.

प्रेषक: भाऊ (दोहा)

स्पेअर मागच्या दाराला आहे, पण त्यात हवा कधी बघितली नाही. किती ठेवू?

प्रेषक: नाना (संभाजीनगर)

35. कमी करता येते कुठंही, भरायला पंप लागतो.

प्रेषक: बापू (पाटोदा)

पंपाचं टेन्शन घेऊ नका. फाट्यावर पंक्चरचं दुकान हाय, टाकीचा कॉम्प्रेसर हाय त्याच्याकडं. फक्त लाईट गेली की टाकीत उरली तेवढीच हवा, चार-पाच गाड्या निघतेत, मंग थांबावं लागतंय. म्हणून भाऊंचा चिमट्याचा पंप घेऊनच या. आमच्या फिडरला या आठवड्यात दिवसाची लाईट हाय, पुढच्या आठवड्यात रात्रीची. तुमची तारीख कोणत्या आठवड्यात येतीय तेवढं सांगा, त्याला आधीच टाकी भरून ठेवाय लावतो. आणि माई, सुरती थोडी मागं पडलीय, गूळभेंडी चालंल का?